रोप सुकू नये म्हणून टाकलेले आकडे: टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी केलेल्या खेळाचा प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून गाव, महाविद्यालय आणि रुग्णालय यांची नावं दिलेली नाहीत. मुलांचे काही तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या गावातलं अभियांत्रिकी महाविद्यालय. तिथल्या कॉम्प्युटर विभागातल्या एका सहायक प्राध्यापकांचा संशोधनाचा विषय शैक्षणिक खेळ. हाताशी शेवटच्या वर्षाच्या चार मुलामुलींचा प्रकल्प गट होता. त्याच गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात महिन्यातून एकदा टाइप १ मधुमेहाच्या मुलांची ओपीडी भरते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी एक साधी अडचण सांगितली: मुलं शुगरची वही लिहीत नाहीत. मोबाईलवर काही करता येईल का?

टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही. गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिन रोज टोचूनच घ्यावं लागतं. त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा बोटाला सुई टोचून मीटरवर शुगर पाहायची आणि वहीत तारीख, वेळ, आकडा, डोस, काय खाल्लं ते लिहायचं. डॉक्टर महिन्याने ती वही बघतात आणि डोस कमीजास्त करतात. वहीतल्या आकड्यांवर त्या मुलाचं पुढच्या महिन्याचं इन्सुलिन ठरतं. हे एक वाक्य प्रकल्पाच्या पहिल्याच कागदावर मोठ्या अक्षरात असायला हवं होतं. ते नव्हतं.

ठरलेला खेळ असा होता. अंगणात आंब्याचं एक रोप. मूल शुगरचा आकडा टाकतं. आकडा ७० ते १८० च्या दरम्यान असला की रोपाला नवं पान फुटतं आणि दहा गुण मिळतात. १८० च्या वर गेला की पानं पिवळी पडतात, ७० च्या खाली गेला की रोप माना टाकतं. सलग सात दिवस चांगले गेले की मोहोर येतो. विभागातल्या प्रात्यक्षिकाला सगळ्यांना हा खेळ फार आवडला होता.

या क्षेत्रात जुनी उदाहरणं आहेत. १९९० च्या दशकात सुपर निन्टेन्डोवर आलेल्या ‘पॅकी अँड मार्लन’मध्ये मधुमेह असलेले दोन हत्ती होते आणि खेळणाऱ्याला त्यांची शुगर सांभाळावी लागे. ‘री-मिशन’ हा कॅन्सरच्या तरुण रुग्णांसाठीचा खेळ. ३४ केंद्रांतल्या ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, ती २००८ मध्ये छापून आली. औषधं वेळेवर घेण्यात फरक पडू शकतो, हे तिच्यातून दिसलं. प्रकल्पाच्या प्रस्तावात या दोन्हींचा उल्लेख होता. पण त्यांच्यात आणि या रोपाच्या खेळात एक मोठा फरक होता. तिथे हत्तीची शुगर बिघडत होती. इथे खेळणाऱ्या मुलाची स्वतःची शुगर गुणांना बांधली होती. हा फरक तेव्हा कुणाच्याच नजरेत आला नाही.

परवानग्या आणि पहिल्या दुरुस्त्या

रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज गेला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती, ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी होकार आणि त्यावरच्या मुलांचा सोप्या भाषेतला लेखी होकार घ्यायचं ठरलं. पहिलं मूल दाखल होण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी झाली. एकूण २२ मुलं होती, वय ८ ते १४.

पहिल्या आराखड्यात माहिती क्लाउडवर जाणार होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. कमिटीने त्यावर नेमके प्रश्न विचारले. मग सगळी माहिती फोनवरच ठेवायची आणि ओपीडीत क्यूआर कोड दाखवून डॉक्टरांच्या टॅबवर घ्यायची, असं ठरलं. हिशोब सोपा होता. महिन्यात ४३,२०० मिनिटं, म्हणजे वेळ दोन बाइटमध्ये मावते. शुगरचा आकडा आणखी दोन बाइट. रोज चार नोंदी धरल्या तर ३० दिवसांच्या १२० नोंदी, ४८० बाइट. सर्वांत मोठ्या क्यूआरमध्ये २,९५३ बाइट मावतात. त्यामुळे महिन्याचा डेटा एका कोडमध्ये आरामात बसला, नेट लागलं नाही आणि सर्व्हरही लागला नाही.

विद्यार्थ्यांनी उत्साहाने आणखी एक भाग लिहिला होता, इन्सुलिनचा डोस सांगणारा. आलेली शुगर वजा लक्ष्य, भागिले त्या मुलाचा करेक्शन फॅक्टर, म्हणजे एका युनिट इन्सुलिनने त्याची शुगर किती उतरते तो आकडा. सूत्र बरोबर होतं, तरी तो भाग काढून टाकला. १ एप्रिल २०२० पासून भारतात उपचारासाठी वापरायचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या नियमांखाली येतं. शिवाय हा फॅक्टर प्रत्येक मुलाचा वेगळा असतो आणि वाढत्या वयात बदलत राहतो. या निर्णयाबद्दल आजही कुणाचं दुमत नाही.

मराठी अक्षरांनी तीन आठवडे खाल्ले. खेळ युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला होता आणि त्यातलं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेश प्रो देवनागरीची जुळणी करत नाही. ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसे, ‘इन्सुलिन’मधला न पाय मोडलेला दिसे. शब्दांची चित्रं करून लावायचा उपाय करून पाहिला, पण प्रत्येक दुरुस्तीला नवं चित्र लागायला लागलं. शेवटी सगळा खेळ गोडो ४ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हलवला. त्यात जोडाक्षरं जशीच्या तशी उमटतात. मीटरवर आकडे इंग्रजी दिसतात म्हणून नोंदीच्या पानावर आकडे इंग्रजीच ठेवले. बघून उतरवताना मुलाला भाषांतर करावं लागू नये, हा हेतू.

मजकुरातली खरी चूक ओपीडीतल्या डायबेटिस एज्युकेटरने, म्हणजे मुलांना आणि पालकांना मधुमेह सांभाळायला शिकवणाऱ्या व्यक्तीने, पकडली. शुगर ७० च्या खाली गेल्यावर खेळातलं पात्र पेढा खात होतं. ओळखीची गोष्ट म्हणून विद्यार्थ्यांनी तो घातला होता. पण खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि इथे तर घाई असते. त्या वेळी साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर हवी. १५ ग्रॅम म्हणजे साखरेचे सपाट तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून, मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. खेळात ती १५ मिनिटं १५ सेकंदांत संपत होती. साखर खाल्ली की लगेच बरं वाटतं, असा समज मुलांच्या डोक्यात बसला तर खरी वेळ आल्यावर ती पाच मिनिटांत पुन्हा खाणार आणि नंतर शुगर ३०० वर जाणार. म्हणून खेळातही सूर्य झाडामागून वर येईपर्यंत थांबावं लागेल, अशी रचना केली.

अडचण कशी दिसली

सहा आठवड्यांनी डॉक्टरांच्या टॅबवर जमा झालेले आलेख डोळ्यांना सुखावणारे होते. रोज चार नोंदी, बहुतेक हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ७० ते १८० मध्ये.

शंका एज्युकेटरला आली. एका मुलाची ॲपमधली सरासरी १२८ होती आणि त्याच आठवड्यातला एचबीए१सी, म्हणजे मागच्या काळातली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, १०.४ टक्के. एचबीए१सीला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की अंदाजे सरासरी शुगर निघते. इथे ती सुमारे २५२ आली. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांचा असतो, त्यात ॲपच्या आधीचे दिवसही आले, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण १२८ आणि २५२ मधलं अंतर त्याने भरून निघण्यासारखं नव्हतं.

प्राध्यापकांनी कच्च्या नोंदी काढल्या. सुदैवाने प्रत्येक नोंदीला दोन वेळा होत्या: मुलाने लिहिलेली आणि फोनने स्वतः टिपलेली. बऱ्याच मुलांच्या दिवसभराच्या चारही नोंदी रात्री नऊनंतर, तीन-चार मिनिटांत झालेल्या. आकड्यांच्या शेवटी ० आणि ५ प्रमाणाबाहेर. मीटरला ० आणि ५ चं वेड नसतं.

पहिला निष्कर्ष निघाला तो ‘मुलं खोटं लिहितात’ असा. तो घाईचा होता. पालकांना विचारल्यावर कळलं की फोन मुलांचे नव्हतेच. वडिलांचे होते, आणि वडील सकाळी कामावर जाताना फोन घेऊन जात. मूल दिवसभराचे आकडे लक्षात ठेवून किंवा हातावर लिहून रात्री एकदम भरत असे. आठवून लिहिताना १३७ चे १३५ होतात. यात फसवणूक नाही.

तेव्हा आठवून लिहिलेलं कोणतं आणि बनवलेलं कोणतं, हे वेगळं काढायला हवं होतं. ते एकाच ठिकाणी कळणार होतं, मीटरच्या मेमरीत.

मीटरची तपासणी

पुढच्या ओपीडीला सगळ्यांना मीटर आणायला सांगितलं. २२ पैकी १९ जणांनी आणले. पहिलाच धक्का म्हणजे आठ मीटरांची घड्याळं चुकलेली. सेल बदलल्यावर तारीख पुन्हा लावायची राहून जाते. वेळ जुळवून उपयोग नव्हता, म्हणून आकड्यांचा क्रम जुळवला. मीटरमधली लागोपाठची दहा-बारा मापं घ्यायची आणि ती त्याच क्रमाने ॲपमध्ये सापडतात का पाहायचं. पाच-दहाचा फरक माफ.

सात मुलांच्या नोंदी जुळल्या. आठ जणांच्या ढोबळ जुळल्या, आठवून लिहिल्यासारख्या. चार जणांच्या ॲपमध्ये असे आकडे होते जे मीटरमध्ये कुठेच नव्हते. त्यांच्या मीटरमध्ये २६०, ३१०, २९५ अशी मापं होती, आणि मधले कित्येक दिवस तर काहीच नव्हतं.

एज्युकेटरने त्या चौघांशी एकेकटं, आईवडिलांना बाहेर बसवून बोलणं केलं. रागावायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. अकरा वर्षांच्या एका मुलीने सांगितलं की १८० च्या वर टाकलं की रोप पिवळं पडतं, म्हणून ती १२० टाकते. तिने डॉक्टरांना फसवलं नव्हतं. तिने रोप वाचवलं होतं. खेळाने तिला जे शिकवलं, ते ती नीट शिकली होती.

डॉक्टरांनी त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. ॲपमधल्या आकड्यांवरून डोस ठरवणं थांबवलं आणि त्या चौघांचे डोस मीटरच्या मेमरीवरून नव्याने पाहिले. आकडे खोटेच चांगले दिसले की वाढवायला हवं ते इन्सुलिन वाढत नाही आणि मूल किटोॲसिडोसिसकडे, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्याच्या जीवघेण्या अवस्थेकडे, सरकू शकतं. तसं कुणाचं झालं नाही, पण ते खेळाच्या रचनेमुळे टळलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ब्लूटूथ मीटरचा. आकडा थेट फोनवर येतो, बनवायला जागाच उरत नाही. पण प्रत्येक मीटरला रक्ताचा थेंब घ्यायच्या त्याच कंपनीच्या पट्ट्या लागतात. घरात जे मीटर आहे, ज्याच्या पट्ट्या रुग्णालयातून सवलतीत मिळतात, ते बाजूला ठेवून नवं घ्यायचं आणि प्रकल्प संपल्यावर पट्ट्यांचा खर्च कुटुंबाच्या माथी मारायचा, हे डॉक्टरांना मान्य नव्हतं. फोन वडिलांच्या खिशात, ही अडचण तशीच राहत होती ती वेगळीच.

दुसरा, मीटरच्या पडद्याचा फोटो सक्तीचा करायचा. विद्यार्थ्यांचा याकडे ओढा होता, कारण कोड सोपा. एज्युकेटरचा ठाम विरोध. टाइप १ च्या मुलांना घरी, शाळेत, नातेवाइकांत आधीच सतत कुणीतरी तपासत असतं. त्यात फोनचीही भर पडली तर मूल मीटरलाच हात लावायचं टाळेल.

तिसरा, आकडा कितीही येवो, तपासलं याचे गुण द्यायचे. ऐकायला रास्त. पण एक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते. गुणांसाठी मूल दिवसात आठ वेळा तपासू लागलं तर महिनाअखेर पट्ट्या संपतात, आणि खरी गरज पडेल त्या रात्री डबीत पट्टी नसते. दुसरीकडे पट्ट्या परवडत नाहीत म्हणून कमी तपासणाऱ्या मुलाला खेळ गरिबीची शिक्षा देणार.

चौथा, खेळ आणि वही पूर्ण वेगळी करायची.

काय केलं

चौथा पर्याय घेतला आणि तिसऱ्याचा छोटासा अंश त्यात ठेवला.

आधी तातडीचं. रोपाचे रंग बदलणं आणि गुण देणं त्याच आठवड्यात बंद केलं. एथिक्स कमिटीला घडलेलं लेखी कळवलं, बदललेल्या आराखड्याला मंजुरी घेतली आणि सीटीआरआयवरची नोंद सुधारली. पहिल्या सहा आठवड्यांचे शुगरचे आकडे विश्लेषणातून पूर्ण वगळले. हा निर्णय सोपा नव्हता. प्रकल्प अहवाल तोंडावर आला होता आणि सर्वांत देखणा आलेख त्याच आकड्यांचा होता. जुळलेल्या सात मुलांपुरते आकडे ठेवावेत, असं विभागातून सुचवलं गेलं. प्राध्यापकांनी नकार दिला. निकाल पाहून कोण ठेवायचं ते ठरवलं तर उरलेल्या आकड्यांनाही अर्थ राहत नाही.

मग नवा खेळ. आता अंगणात रोपाशेजारी एक काल्पनिक मुलगा आहे आणि शुगर त्याची वरखाली होते. खेळणारं मूल त्याला भाकरी देतं, खेळायला पाठवतं, तपासतं, चुकतं आणि पुन्हा करून पाहतं. त्याची शुगर ३५० वर गेली तरी कुणाचं काही बिघडत नाही, उलट ती का गेली हे कळतं. या खेळाचे गुण हवे तेवढे.

वहीचं पान मात्र साधं, पांढरं. ५८, १२० आणि ३४० तिन्ही एकाच शाईत. आकडा टाकल्यावर तीन बटणं येतात: ‘आत्ता पाहिलं’, ‘कागदावरून उतरवलं’, ‘आठवून लिहिलं’. आठवून लिहिलेली नोंद डॉक्टरांच्या आलेखात पोकळ गोल म्हणून दिसते. रात्री एकदम भरायला मुभा आहे, त्यात कमीपणा नाही. पहिल्या आवृत्तीत फक्त आकडाच टाकता येत होता. बहुतेक मीटरवर शुगर २० च्या खाली असेल तर ‘लो’ आणि ६०० च्या वर असेल तर ‘हाय’ उमटतं, आणि अशा वेळी मुलं काहीतरी आकडा कल्पून टाकत होती. त्यासाठी दोन वेगळी बटणं दिली. ‘पट्टी संपली’ आणि ‘आज नाही पाहिलं’ यांनाही नोंदीचा मान मिळाला.

वहीत काहीही लिहिलं की एक शिक्का मिळतो. डॉक्टरांनी त्या मुलाला दिवसातून जितक्या वेळा तपासायला सांगितलं असेल तितकेच शिक्के, जास्त नाहीत. खंड पडला तर आधीचे शिक्के जात नाहीत.

नोंद ७० च्या खाली असेल तर खेळ, रोप, शिक्के सगळं पडद्यावरून जातं. मोठ्या अक्षरात तीन ओळी उरतात: मोठ्या माणसाला हाक मार, तीन चमचे साखर घे, १५ मिनिटांनी पुन्हा तपास. खाली खरं घड्याळ चालू. आणि मोठ्यांसाठी एक ओळ: मूल शुद्धीवर नसेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आठवणीचे गजर काढून टाकले. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी वेगळी मागावी लागते, १४ मध्ये नव्या ॲपना अचूक वेळेच्या गजराची परवानगी आपोआप मिळत नाही, आणि स्वस्त फोनमधली बॅटरी बचत ॲपला मधेच झोपवते. एवढं करून वाजलाच तर तो वडिलांच्या खिशात, कामाच्या जागी वाजणार. त्याऐवजी मीटरच्या पाउचमध्ये वेळांची छापील पट्टी घातली.

परिणाम

पुढचे तीन महिने १८ मुलं टिकली. नोंदी कमी झाल्या, दिवसाला चारच्या जागी दोन किंवा तीन. आलेख कुरूप झाला: ४७, ३१२, १६६, ‘पट्टी संपली’, २३८. डॉक्टरांना तोच हवा होता. शेवटच्या ओपीडीला १६ मीटर आले आणि १३ जणांच्या नोंदी जुळल्या. तिघांच्या अजून जुळत नाहीत. त्यातल्या दोघांच्या घरी मोठा आकडा दिसला की मार बसतो, असं एज्युकेटरच्या लक्षात आलं. तिथे ॲपमध्ये काही बदलून भागणार नव्हतं, पालकांशी बोलणं सुरू झालं.

एचबीए१सी सुधारला का, यावर प्रकल्पाने काहीही म्हटलेलं नाही. मुलं थोडी, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि मधेच खेळ बदललेला.

रोप वाचवणाऱ्या मुलीच्या वहीत एका रात्री २८६ ची नोंद आहे. ‘आत्ता पाहिलं’, आणि शेरा: मावशीच्या लग्नात जिलबी.

वेगळं काय करता आलं असतं

मीटरची मेमरी सहाव्या आठवड्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात पाहता आली असती. एका मुलाला दहा मिनिटं लागतात, खर्च काही नाही. दाखल करतानाच मीटरचं घड्याळ लावून द्यायला हवं होतं.

नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘घरात स्मार्टफोन आहे का’ असा प्रश्न होता आणि २२ पैकी २२ जणांनी ‘हो’ लिहिलं होतं. ‘दुपारी दोन वाजता तो कुणाच्या हातात असतो’ असं विचारलं असतं तर निम्मी रचना वेगळी झाली असती.

खेळाची चाचणी घेताना विद्यार्थ्यांनी स्वतः आकडे टाकून पाहिले, आणि ते नेहमी चांगले आकडे टाकत. वाईट आठवडा गेलेल्या मुलाच्या जागी बसून, सलग सात दिवस २८० टाकून, पडद्यावर काय दिसतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं असतं तर दिसलं असतं की शेवटी एक वाळकी काडी उरते आणि खाली ‘पुन्हा प्रयत्न कर’ लिहिलेलं असतं.

शिक्क्यांवर अजून एकमत नाही. एज्युकेटरच्या मते तेही काढावेत, कारण जे मोजलं जातं ते मूल बनवू शकतं. प्राध्यापकांचं म्हणणं असं की आठ-नऊ वर्षांच्या मुलांना वहीकडे यायला काहीतरी निमित्त लागतं. पुढच्या टप्प्यात अर्ध्या मुलांना शिक्के असतील आणि अर्ध्यांना नसतील. मीटर दर ओपीडीला सगळ्यांचे पाहिले जातील, आणि ते पाहिले जाणार हे मुलांना आधीच सांगितलेलं असेल.